सवडीनं पावणारी

सातव्या दिवशी तिचा निकाल कधी धड लागत नाही.

लॅबच्या टाकीतून काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे तीन ठोकळे काढायचे, अंगावरचं पाणी पुसायचं, वजन टिपायचं आणि एकेक करून दाबयंत्राच्या जबड्यात ठेवायचे. नुसत्या सिमेंटचा ठोकळा असला तर आकडा झरझर चढतो. राख घातलेला ठोकळा मध्येच दमतो. बारीक ‘कच्’ असा आवाज होतो, कोपऱ्याचा टवका उडतो आणि खेळ संपतो. मी रजिस्टरात आकडा लिहीत असते आणि ठेकेदाराचा माणूस खांद्यावरून डोकावून म्हणतो, “मॅडम, राख कमी करा ना. माल ताकद धरत नाही.”

नागपूरला पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा या वाक्याला उत्तर म्हणून मी पुस्तकातली समीकरणं शोधायचे. लॅबमधल्या मामांना त्याची गरज पडत नसे. ठोकळे भरण्यात आणि फोडण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. टाकीवर झाकण ओढत ते म्हणाले, “सिमेंट तं पोट्टं आहे. आल्या आल्या हुशारी दाखवते. राख म्हातारी आहे. तिले टाइम लागते.”

हिशेबानं पाहिलं तर मामांचं म्हणणं चूक होतं. बल्करमधून आमच्या सायलोत येणाऱ्या राखेचं वय फार तर काही दिवसांचं असतं. पण स्वभावाबद्दल त्यांच्याइतकं नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

कोळसा उगाळावा तितका काळाच. पण तोच कोळसा पिठासारखा दळून वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये फुंकला की त्याची ही लेक करड्या रंगाची निघते. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोंमागे तीस ते पंचेचाळीस किलो राखच असते, म्हणून तिला वाणही नाही. जाडीभरडी असते ती बॉयलरच्या तळाशी पडते. उरलेली, म्हणजे साधारण ८० टक्के, धुराबरोबर वर उडते. म्हणून तिचं नाव फ्लाय अ‍ॅश, साइटवरच्या तोंडी ‘फ्लायाश’. चिमणीतून निसटायच्या आत विजेचा भार दिलेले पत्रे तिला धरून ठेवतात. पत्र्यांवर ठोके बसले की ती खाली झडते, आणि तिथून पुढे तिचा संसार सुरू होतो.

हातात घेतली तर मैद्याहून मऊ. चिमटीत धरवत नाही, बोटांच्या रेषांत जाऊन बसते. सूक्ष्मदर्शकाखाली सिमेंटचे कण फोडलेल्या खडीसारखे कोपरेदार दिसतात, हिचे कण मात्र बुंदीसारखे गोल. कोळशात अडकलेली माती ज्वाळेत वितळते, तिचे थेंब होतात आणि ते उडता उडताच काचेसारखे थिजतात. काही गोळे आतून पोकळ असतात, ते पाण्यावर तरंगतात. काहींच्या पोटात आणखी लहान गोळे असतात. हा गोलपणा मालाच्या कामी येतो. राख असली की खडी आणि वाळू एकमेकींना अडत नाहीत, पाणी कमी लागतं, पंप जाम होत नाही. राखेच्या नावानं बोटं मोडणारा ठेकेदारही पंप चालू असेपर्यंत गप्प असतो.

तिची माझी ओळख मात्र या लॅबच्या आधीची. माझं लहानपण विदर्भातल्या एका वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं. तिथे राख दोन प्रकारची असते हे पाचव्या-सहाव्या वर्षीच कळत असे. एक आजीची. चुलीतून निघालेली, चाळून डब्यात भरलेली. तिनं भांडी घासायची, ती मुगाला चोळून ठेवायची, वांग्याच्या रोपांवर भुरभुरायची, आणि परीक्षेच्या दिवशी देवळातून आलेली चिमूटभर कपाळाला. दुसरी राख आभाळातून यायची. वारा फिरला की वाळत घातलेल्या चादरी तोंड पाडून बसायच्या. आई दोरीवरचे कपडे झटकायची आणि पापड आत न्यायला ओरडायची. आजी त्या राखेला हातही लावत नसे. “ही लाकडाची नाही, हिला गुण नाही,” म्हणायची.

आजीचं अर्धं खरं होतं. चुलीच्या राखेत क्षार असतात, म्हणून तिनं चिकट भांडी निघतात. कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना. भांड्यांना तिचा उपयोग नाही. तिचा गुण दिसायला तिला चुना भेटावा लागतो, आणि तो चुना आमच्या स्वयंपाकघरात नव्हता.

तो होता सिमेंटमध्ये. या दोघांची गाठ चंद्रपूर जिल्ह्यात पडलेली पाहावी. कोरपना-राजुऱ्याच्या बाजूला चुनखडी, वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा. कोळशावर चालणारं २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र दुर्गापूरला, चुनखडीवर चालणारे सिमेंट कारखाने आवारपूर, गडचांदूर, घुग्घुस भागात. राखेचं माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात, इतकं जवळ की ट्रकवाल्याला मध्ये एकदाच चहा लागावा.

सासरची मंडळी मात्र मोठी खर्चिक. सिमेंट करायचं तर चुनखडी आणि माती साधारण १४५० अंशांवर भाजून त्याचे क्लिंकर नावाचे खडे करावे लागतात. भट्टीला इंधन लागतं, त्याचा धूर वेगळाच. पण खरी गोम चुनखडीत आहे. शुद्ध चुनखडी भाजली की शंभर किलोंतले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातात. इंधन कितीही स्वच्छ वापरा, हे ४४ किलो टळत नाहीत, कारण ते दगडाच्या पोटातलेच आहेत. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या नावावर लागतात ते यामुळे. राख भट्टीचं सगळं दुःख आधीच भोगून आलेली असते. तिला पुन्हा भाजावं लागत नाही. जितकं क्लिंकर ती वाचवते तितका धूर कमी.

म्हणून पीपीसी असं छापलेलं सिमेंटचं पोतं तुम्ही आणलं असेल, तर ती तुमच्या घरात राहायला आली आहेच. भारतीय मानकाप्रमाणे त्या पोत्यात १५ ते ३५ टक्के राख असते. भूमिपूजनाला नारळ सिमेंटच्या नावानं फुटतो, आणि पन्नास किलोंच्या पोत्यात दहा-पंधरा किलो ही निमूट बसलेली असते.

तिचा खरा स्वभाव पुढे दिसतो. सिमेंटला पाणी मिळालं की दोन गोष्टी तयार होतात. एक डिंकासारखा चिवट पदार्थ, जो खडी-वाळूला धरून ठेवतो आणि ज्याला आपण ताकद म्हणतो. दुसरा चुना. हा चुना ताकदीच्या फारसा कामाचा नाही. पाण्यात विरघळतो, पाझरून बाहेर येतो. जुन्या गॅलरीच्या तळाशी पांढरे ओघळ दिसतात ना, तो हाच. सिमेंटनं उधळून ठेवलेला हा चुना राख हळूहळू गोळा करते, आणि तिच्यातली सिलिका आणि हा चुना मिळून पुन्हा तोच डिंक तयार होतो. बाजारात चुना लावणारे पुष्कळ, लागलेला चुना सत्कारणी लावणारी ही एकटी. त्या डिंकानं काँक्रीटमधली बारीक छिद्रं बुजत जातात. पाणी आत शिरायला वाट उरत नाही, पाण्यासोबत येणारं मीठही सळईपर्यंत सहजी पोचत नाही. मुंबईच्या किंवा कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात, तिथे या संथ कामाची किंमत कळते.

पण हे सगळं सिमेंटनं आधी चुना टाकल्यावर. म्हणजे हिचं काम सुरूच दुसऱ्याचं संपत आल्यावर होतं. सातव्या दिवशी तिचा निकाल लागत नाही, कारण सातव्या दिवशी ती जेमतेम पदर खोचत असते.

संथपणाचा आणखी एक फायदा आहे. सिमेंट पाणी पिताना तापतं. साध्या स्लॅबला ते जाणवत नाही, पण धरणासारख्या अवाढव्य कामात आतली उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही. पोट गरम, कातडी गार, आणि तडा. म्हणून धरणवाल्यांनी राखेला सर्वांत आधी ओळखलं. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हंग्री हॉर्स धरणात १९४८ पासून तिचा मोठा वापर झाला. आपल्याकडे रिहंद धरणात तिला पहिल्यांदा बोलावणं आलं. आणि महाराष्ट्रात भंडारदऱ्याच्या वर, रतनगडाच्या शेजारी घाटघर आहे. तिथे रोलरनं दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणं झाली. त्या मालात सिमेंटपेक्षा राख जास्त होती. घाटमाथ्याचा पाऊस अंगावर घेत ती अजून उभी आहेत. तिथे चौदाव्या दिवशी कुणी सेंट्रिंग खोलायला उभं नव्हतं.

हिचं घराणंही लहान नाही. नेपल्सजवळ पोझ्झुओली नावाचं गाव आहे, तिथली ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात कालवायचे. रोममधल्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटर रुंद आहे, त्यात एकही सळई नाही आणि त्याला सुमारे १९०० वर्षं झाली. चुन्याशी अशी जोडी जमवणाऱ्या भुकट्यांना त्या गावावरूनच पोझोलाना म्हणतात. आपली सुरखी त्याच गोत्रातली. पक्क्या विटेचा चुरा आणि चुना घाणीत बैल फिरवून मळायचे, आणि त्यावर विहिरी, पूल, धरणं उभी राहायची. आमच्या बॉयलरमधून निघते ती या जुन्या घराण्याची विजेच्या काळातली शाखा.

या शाखेतला मला सगळ्यांत आवडणारा किस्सा हवाईमधला आहे. काउआई बेटावर एक शिवमंदिर आहे, त्याचा ग्रॅनाइट बंगळूरजवळ हातांनी घडवला गेला. हजार वर्षं टिकेल असा पाया त्यांना हवा होता. बर्कलीचे प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी त्यासाठी जे काँक्रीट आखलं, त्यात सिमेंटपेक्षा राख अधिक होती आणि सळई अजिबात नव्हती. सळई नाही तर गंजही नाही. १९९९ मध्ये पाया ओतला, आणि ताकद मोजायची ठरली ती नव्वद दिवसांनी. देव भस्म लावणारा, त्यामुळे पायाला राख चालेल का हे विचारायची गरज कुणाला वाटली नसावी.

आता दोषांकडे येऊ. लाडक्या माणसाच्या चित्रात ते नसले तर चित्र खोटं होतं.

एक तर ही पाण्याची हावरी. पहिले काही दिवस अंग ओलं राहिलं नाही तर जे काम उशिरा होणार होतं ते होतच नाही. साध्या सिमेंटच्या मालाला सात दिवस पाणी मारा, राखेच्या मालाला निदान दहा, उन्हाळ्यात चौदा, असं आपलं मानक सांगतं. नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबवर वाफे बांधून चौदा दिवस पाणी तुंबवायचं म्हणजे टँकर आला, माणूस आला, पैसे आले. पाचव्या दिवशी गोणपाटं कोरडी, सहाव्या दिवशी पाणी मारणारा पोरगा दुसऱ्या साइटवर. मग पृष्ठभागाची भुकटी सुटते आणि बदनामी राखेची होते. सेंट्रिंग खोलण्याचे मानकातले दिवसही साध्या सिमेंटसाठीचे आहेत, दुसरं सिमेंट असेल तर ते बदला असं तिथेच लिहिलंय. ते वाक्य वाचलेला सेंट्रिंगवाला मी अजून पाहिलेला नाही. त्याच्या प्लेटांचं भाडं दिवसावर चालतं.

दुसरं, हिच्या सगळ्या बहिणी सारख्या नसतात. बॉयलर नीट जळला नाही की राखेत न जळलेला कोळसा उरतो. अशी काळसर राख आमची महागडी रसायनं पिऊन टाकते आणि माल पोचेपर्यंत घट्ट होतो. एका बल्करमधली राख पाहून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. प्रत्येक वेळी चाळणी आणि भट्टी लावून पाहावंच लागतं.

तिसरा दोष तिचा म्हणायचा की आपला, हे मला ठरवता येत नाही. जी राख कुणी नेत नाही ती पाण्यात कालवून तलावात सोडतात. असे तलाव गावांच्या उशाशी असतात. उन्हाळ्यात सुकलेली राख उडते, कपाशीच्या बोंडांवर बसते, विहिरीत पडते, माणसांच्या छातीत जाते. तिच्यात आर्सेनिकसारखी विषारी मूलद्रव्यंही थोड्या प्रमाणात असतात. २०२२ च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत पसरला. त्या शेतकऱ्यासमोर उभं राहून राख किती गुणाची असते हे मी सांगू शकले नसते. आईच्या चादरी मला आठवतात. ठोकळ्यात कोंडलेली राख आणि मोकाट सुटलेली राख एकच आहे. वागणं ठरतं ते तिला कुठे ठेवलं यावर.

सरकारलाही हे उशिरा सुचलं. १९९६-९७ मध्ये देशातल्या राखेपैकी जेमतेम दहा टक्के वापरली जात होती. १९९९ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, २०२१ च्या शेवटच्या दिवशी नव्यानं निघाली तिनं सगळीच्या सगळी राख वापरणं बंधनकारक केलं. आता वापराचा आकडा ९० टक्क्यांच्या पुढे गेला आहे. त्यात सिमेंट-काँक्रीट आहे, विटा आहेत, रस्ते आहेत, आणि नुसती खोलगट जागा भरणंही आहे. खड्ड्यात ओतलेली राख आणि खांबात गेलेली राख कागदावर सारखीच ‘वापरलेली’ ठरते. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “जेवणाचं ताट बी भरते, गटार बी भरते.”

तिची चुलत भावंडं हल्ली आमच्या लॅबमध्ये दिसू लागली आहेत. लोखंडाच्या भट्टीतली मळी पाण्याच्या फवाऱ्यानं थिजवून दळली की स्लॅग तयार होतो. रंगानं गोरा, स्वभावानं राखेपेक्षा थोडा चटपटीत. राडारोडा तर दारोदार पडलाय. पाडलेल्या इमारतींची खडी पुन्हा वापरायला मानकानं परवानगी दिली आहे, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ या दर्जापर्यंत, तीही खडीच्या वीस टक्क्यांच्या आतच. या खडीच्या अंगाला जुना मसाला चिकटलेला असतो आणि तो मालातलं पाणी ढोसतो, म्हणून तिला आधीच भिजवून घ्यावं लागतं. आणि सगळ्यांत नवी आहे भाजलेली माती. साधी चिकणमाती ८०० अंशांच्या आसपास भाजायची, न भाजलेल्या चुनखडीबरोबर दळायची, क्लिंकर निम्म्यावर आणायचं. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींमधल्या संशोधकांनी मिळून हे सिमेंट घडवलं, आणि २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं.

या मातीची गरज पडणार आहे, कारण राख कायमची नाही. ब्रिटनमधलं कोळशाचं शेवटचं वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. तिकडे जुने राख तलाव उकरून वाळवून वापरायची वेळ आली आहे. आपल्याकडे ती वेळ यायला अवकाश आहे, पण येणार आहे, आणि यावीच. राख मिळावी म्हणून कोळसा जाळत राहणं म्हणजे भांडी घासायला राख हवी म्हणून घर पेटवणं. आहे तोवर तिला तलावात बुडवून ठेवायचं की खांबात घालायचं, एवढंच आपल्या हातात आहे. आणि खांबात घालायचं तर तिच्या वेळेनं.

नागपूरच्या माझ्या पहिल्या साइटचा अठ्ठाविसावा, म्हणजे अंतिम निकालाचा, दिवस मला आठवतो. एम-२५ चा माल होता. यंत्रावरचा आकडा ५६२ किलोन्यूटनच्या पुढे गेला पाहिजे, म्हणजे या एवढ्याशा ठोकळ्यानं सत्तावन्न टन पेलले पाहिजेत. ठेकेदाराचा माणूस हाताची घडी घालून उभा. आकडा ५६२ च्या जरासा पुढे गेला आणि ठोकळा फुटला. “काठावर पास,” तो म्हणाला आणि निघून गेला. मामांनी त्याच मालातून भरलेले आणखी चार ठोकळे टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, नोंद न करता, दडवून ठेवले होते. छप्पन्नाव्या दिवशी त्यांनी त्यातले तीन काढले. या वेळी पाहायला आम्ही दोघंच होतो. आकडा ५६२ ओलांडून पुढे गेला आणि जात राहिला. मामांनी यंत्राकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

चौथा ठोकळा मी ती पहिली नोकरी सोडली तेव्हा त्यांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तो आता माझ्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळी तुळशीला घातलेलं पाणी कुंडीच्या भोकातून त्याच्यावर ठिबकतं. त्याची ताकद किती आहे हे मला ठाऊक नाही, कारण ते कळायचं तर तो फोडावा लागेल. शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, “हा कसला दगड गं?” मी म्हटलं, “राख आहे, काकू.” त्यांनी वाकून त्यावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं.